गावाकडून काम करताय? 'हेल्पडेस्क'चा फोन आला की आधी तो ठेवा

बालाघाटकर (अंबाजोगाई) – धागा

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-बंगळुरूहून लॅपटॉप घेऊन गावाकडे आलेली पोरंपोरी परत गेलीच नाहीत, अशी आमच्या भागात कितीतरी घरं आहेत. केज, परळी, औसा, सेलू, वसमत, कुठेही बघा. कुणी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतं, कुणी परदेशी कंपनीचे हिशेब बघतं, कुणी रात्रपाळीत चॅटवर ग्राहकांना उत्तरं देतं. मी स्वतः आयटी सपोर्टमध्ये आहे आणि घरूनच काम करतो, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक अडलं की मलाच फोन लावतात. या फोनांचा सूर हल्ली बदललाय. आधी 'प्रिंटर चालत नाही' असायचं. आता 'असा मेल आलाय, खरा आहे का?' असतं. आणि बऱ्याचदा उशीर झालेला असतो: 'पासवर्ड टाकला, आता काय करू?'

त्यातलीच एक घटना सांगतो. नाव-गाव सांगत नाही, तिची परवानगी घेतली आहे.

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी, बाहेरच्या एका कंपनीचं बिलांचं काम घरून करते. दुपारी लाइट गेली. वायफाय बंद, म्हणून माळवदावर जाऊन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसली. व्हीपीएन (घरून कंपनीच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारी सोय) तुटत होतं. तेवढ्यात फोन आला: "आयटी हेल्पडेस्कमधून बोलतोय मॅडम. तुमचं व्हीपीएन सारखं डिस्कनेक्ट होतंय ना? आमच्याकडे अलर्ट आलाय." माणूस नम्र, घाई नाही, तिच्या मॅनेजरचं नावही घेतलं. एक लिंक पाठवली. पान हुबेहूब कंपनीच्या लॉगिनसारखं. तिने आयडी-पासवर्ड टाकला. मोबाइलवर 'लॉगिन तुम्हीच करताय का?' असं आलं, तो म्हणाला "हो करा मॅडम, आमचंच आहे". तिने हो केलं. व्हीपीएन नंतर खरंच लागलं, कारण लाइट आली होती. तिला वाटलं काम झालं.

संध्याकाळपर्यंत तिच्या मेलमधून दोन ग्राहक कंपन्यांना 'आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट या खात्यात करा' असे मेल गेले होते. उत्तरं तिला दिसू नयेत म्हणून मेलबॉक्समध्ये एक नियमही लावून ठेवला होता: त्या दोन पत्त्यांवरून आलेलं सगळं परस्पर दुसऱ्याच फोल्डरमध्ये.

तिला पडलेला प्रश्न हा की, माझं व्हीपीएन तुटतंय हे त्याला कळलं कसं? कळलंच नव्हतं. कळायची गरजही नव्हती. घरून काम करणाऱ्या कुणालाही फोन लावा आणि 'व्हीपीएनला अडचण येते ना' विचारा, दहापैकी बरेचजण हो म्हणतील. आपल्याकडे तर दिवसातून दोनदा लाइट जाते, टॉवरची रेंज वाऱ्यावर हलते. मॅनेजरचं नाव लिंक्डइनवर उघडं असतं.

हा प्रकार आपल्याकडच्या साध्या लोकांसोबतच होतो असं कुणी म्हणू नका. जुलै २०२० मध्ये ट्विटरवर बराक ओबामा, जो बायडन, एलॉन मस्क यांच्या खात्यांवरून बिटकॉइन मागणारे संदेश गेले, आठवतंय? एकूण १३० खात्यांवर त्यांनी हात टाकला होता. न्यूयॉर्कच्या वित्तीय नियामकाने नंतर चौकशी अहवाल काढला, त्यात पद्धत हीच आहे. कर्मचाऱ्यांना फोन, 'आयटीमधून बोलतोय, व्हीपीएनच्या तक्रारीबद्दल', आणि खोटं व्हीपीएन पान. कर्मचारी नुकतेच घरून काम करू लागले होते, व्हीपीएनचा त्रास रोजचाच होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. इकडे कर्मचारी खोट्या पानावर पासवर्ड टाकायचा, तिकडे ते लोक त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकायचे. मोबाइलवर आलेली परवानगीची सूचना त्यामुळे खऱ्या साइटचीच असायची.

माझं म्हणणं एवढंच आहे. ऑफिसात असताना असा फोन आला तर आपण खुर्ची वळवून शेजारच्याला म्हणतो, 'अरे तुला पण आला का?' तेवढ्यावर निम्मे डाव फसतात. घरी तो शेजारी नाही. तो मुद्दाम जोडून घ्यावा लागतो. मी ज्याला-त्याला दोन गोष्टी सांगतो. फोन कुणाचाही असो, 'मी परत लावतो' म्हणून ठेवून द्या आणि कामावर रुजू होताना मिळालेल्या नंबरवर स्वतः फोन लावा. समोरच्याने आत्ता दिलेल्या नंबरवर नाही. तो नंबर लॅपटॉपमध्ये नको, कागदावर लिहून भिंतीवर लावा, कारण लॅपटॉपच बंद पडला तर तो तिथे सापडणार नाही. आणि टीममधल्या एका माणसाशी आधीच बोलून ठेवा की, शंका आली तर मी तुला फोन करणार आणि तू मला.

तुमच्याकडे काय काय यायलंय ते लिहा.

---

सेलूची_लेक

दादा, धागा काढलात ते बरं केलंत. फोनइतकेच एचआरच्या नावाचे मेलही धोक्याचे आहेत, आणि ते वेळ बघून येतात. एप्रिलात अप्रेझलचं पत्र, जूनमध्ये फॉर्म १६, दिवाळीआधी बोनस. आमच्या टीममध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यात 'तुमचा फॉर्म १६ तयार आहे' असा मेल आला. आपण वाटच बघत असतो, १५ जूनपर्यंत फॉर्म १६ मिळायचा असतो, मग बोट जातंच त्याच्यावर. दुसरा प्रकार पगाराच्या खात्याचा: 'पगार जमा होण्यात अडचण आहे, पोर्टलवर खातं तपासा.' लॉगिन मिळालं की ते लोक खाते क्रमांक बदलतात आणि पुढचा पगार भलतीकडे.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. सगळे म्हणतात, फसलात तर लगेच कंपनीला कळवा. कळवायला धीर लागतो हो. आमच्याकडे एकाने कळवलं तर मॅनेजरने सगळ्यांच्या कॉलमध्ये त्याचं नाव घेऊन झापलं. त्यानंतर कोण सांगेल? घरून काम करणाऱ्यावर आधीच संशय की हा काम करतो का झोपतो. त्यात हे. नोकरी गेली तर पुण्यात भाडं भरून राहायची ऐपत नाही म्हणून तर इथे आहोत. शेतीचं तुम्हाला माहीतच आहे, सोयाबीनच्या भावावर घर चालत नाही.

---

बालाघाटकर

ताई, हा मुद्दा धाग्याच्या वरच यायला हवा होता. झापणारा मॅनेजर चोराला वेळ मिळवून देतो. पासवर्ड गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कळलं तर आम्ही सपोर्टवाले सगळी सेशन (चालू लॉगिन) बंद करतो, पासवर्ड बदलतो, मेलबॉक्समधले नियम तपासतो, नवीन मोबाइल परवानगीसाठी जोडलाय का ते बघतो. बहुतेक वेळा तेवढ्यात निभावतं. तेच दोन दिवसांनी कळलं तर त्याने कुणाकुणाला मेल पाठवले हे शोधण्यातच आठवडा जातो.

मॅनेजरला कायदाही दाखवता येईल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे फिशिंगसह (म्हणजे खोटा मेल, फोन किंवा पान दाखवून पासवर्ड काढून घेणं) ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कंपनीने सर्ट-इनला कळवायच्या असतात. कर्मचारी भीतीने गप्प बसले तर ज्या घटनेची कंपनीला खबरच नाही ती घटना कंपनी कळवणार कशी?

---

दुधनेचा_पोर (जालना)

मला एक बाजू मांडायची आहे. कंपन्या स्वतःच खोटे फिशिंग मेल पाठवून परीक्षा घेतात, आणि क्लिक केलं की 'तुम्ही नापास' म्हणून तासभराचं प्रशिक्षण लावतात. आमच्याकडे चक्क दिवाळी बोनसच्या नावाने असा मेल पाठवला होता. लोकांनी आनंदाने उघडला. याने माणूस सावध होत नाही, कंपनीवरचा विश्वास उडतो. आता खरे एचआरचे मेल सुद्धा लोक उघडत नाहीत, मग पुन्हा 'मुदत संपली, फॉर्म भरला नाही' म्हणून बोलणी.

---

बालाघाटकर

दुधनेभाऊ, अशी परीक्षा घेऊ नये असं मी म्हणणार नाही, पण तिच्यात मोजायचं काय ते चुकतंय. किती जणांनी क्लिक केलं हे मोजण्यापेक्षा किती जणांनी आणि किती लवकर कळवलं हे मोजावं. दमलेला माणूस, संध्याकाळचे सात, मोबाइलची छोटी स्क्रीन. क्लिक कधीतरी होणारच. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राचं मार्गदर्शनही हेच सांगतं: प्रत्येक मेल ओळखण्याचा भार माणसावर टाकू नका आणि फसलेल्याला शिक्षा करू नका. बोनसचं आमिष दाखवून परीक्षा घेणं मला तरी क्रूर वाटतं.

---

हिंगोली_कोडर

नोकरी शोधणाऱ्यांसाठी लिहितो, कारण आपल्या भागातली पोरं यात फार अडकायलेत. लिंक्डइनवर परदेशी कंपनीचा रिक्रूटर येतो. पगार चांगला, पूर्ण रिमोट. मग 'छोटी कोडिंग टेस्ट', गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून प्रोजेक्ट उतरवा आणि चालवून दाखवा. त्या प्रोजेक्टमध्येच चोरी करणारा प्रोग्राम असतो. याची पद्धतशीर मोहीम चालू असल्याचं नोव्हेंबर २०२३ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्स या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उघड केलं आणि तिचा धागा उत्तर कोरियापर्यंत लावला. टेस्ट द्यायची असेल तर कामाच्या लॅपटॉपवर कधीही नाही. सध्याच्या कंपनीच्या लॅपटॉपवर नवीन नोकरीची टेस्ट दिली तर दोन्हीकडून गेलात.

दुसरं. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' असं पान येतं, आणि चित्रं निवडायच्या ऐवजी सांगतं: विंडोज आणि आर ही बटणं दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. काय होतं माहितीये? त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे) आधीच एक आज्ञा टाकलेली असते. तुम्ही ती स्वतःच्या हाताने चालवता, म्हणून अँटिव्हायरसही बऱ्याचदा गप्प राहतो. कुठलाही खरा कॅप्चा तुम्हाला अशी बटणं दाबायला सांगत नाही. एवढं एक वाक्य तरी घराघरात सांगा.

असा प्रोग्राम चालला असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ब्राउझरमधल्या कुकी (तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) चोरल्या की पासवर्ड न विचारताच आत शिरता येतं. वायफाय बंद करा, लॅपटॉप फॉरमॅट न करता तसाच ठेवा, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदला आणि 'सगळीकडून लॉगआउट' करा.

---

पैठण_गेट

माझा साधा प्रश्न. व्हीपीएन लावलेलं असेल आणि ओटीपी चालू असेल तर फिशिंगची भीती नाही ना?

---

बालाघाटकर

आहे. व्हीपीएन म्हणजे तुमच्या घरापासून कंपनीपर्यंतचा झाकलेला रस्ता. तुम्ही स्वतः किल्ली चोराच्या हातात दिली तर रस्ता झाकलेला असून उपयोग काय?

ओटीपी नसण्यापेक्षा असलेला बरा, पण वर ट्विटरचं सांगितलं तसं तोही खोट्या पानातून पुढे सरकवता येतो. आणि 'हो/नाही'वाली सूचना असेल तर दुसरी युक्ती. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड आधीच चोरीला गेला होता. हल्लेखोर लॉगिन करत राहिला, कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर परवानगीच्या सूचनांवर सूचना, आणि शेवटी कर्मचाऱ्याने एकदा 'हो' दाबलं. आपण लॉगिन करत नसताना सूचना आली, याचा अर्थ पासवर्ड बाहेर गेलाय. 'नाही' दाबून झोपू नका, लगेच कळवा.

याला पक्का उतारा आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना एका मिनिटाच्या आत खोटे एसएमएस आले. तिघांनी पासवर्ड टाकलाही. तरी चोर आत जाऊ शकला नाही, कारण तिथे प्रत्येकाला यूएसबीसारखी सुरक्षा किल्ली दिलेली होती. ती किल्ली साइटचा पत्ता स्वतः तपासते. पत्ता खोटा तर ती उत्तरच देत नाही, मग माणसाचा डोळा कितीही फसो. मोबाइलमधली पासकी (पासवर्डऐवजी मोबाइलच्या लॉकने लॉगिन करायची सोय) त्याच तत्त्वावर चालते.

कंपनी किल्ली देत नसेल तर निदान पासवर्ड मॅनेजर वापरा. रोज आपोआप पासवर्ड भरणारा मॅनेजर आज एखाद्या पानावर भरत नाहीये, तर हाताने टाकायच्या आधी पत्ता वाचा. सुरुवातीचं 'https://' सोडून पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतच वाचा, आणि तेवढा भाग उजवीकडून डावीकडे. शेवटच्या डॉटच्या आधी जे नाव आहे तेच बहुधा खरं घर ('.co.in'सारखा दुहेरी शेवट असेल तर त्या शेवटाच्या आधीचं नाव). डावीकडे कंपनीचं नाव दहा वेळा लिहिलेलं असलं तरी त्याला अर्थ नाही.

---

लातूर_ताळेबंद

मी हिशेबाच्या कामात आहे. आमच्याकडे 'साहेबांचा' मेल येतो: मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, हे पेमेंट आजच सोडा. मी नियम केला होता की व्हिडिओ कॉलवर चेहरा बघितल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. एवढं पुरेसं आहे का?

---

बालाघाटकर

आता नाही. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या मोठ्या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याने असाच व्हिडिओ कॉल बघून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे वित्त अधिकारी आणि सहकारी संगणकाने बनवलेले होते. त्याला आधी मेलची शंका आली होती, कॉल बघून ती गेली. तुम्ही ठेवलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा, आणि खातं बदलायचं असेल तर दुसऱ्या माणसाची मंजुरी घ्या. जो 'फोन करू नका' म्हणतो त्याला तर नक्कीच फोन करा.

---

गोदाकाठ (नांदेड, बँकेत नोकरी)

पैसे गेल्यावर काय, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पहिला फोन १९३० वर. ही सायबर फसवणुकीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि कुठल्या बँकेतून गेले एवढं हाताशी ठेवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरतो. मधल्या एखाद्या खात्यात असतानाच गोठवता आला तर परत मिळायची आशा असते. म्हणून 'आधी घरात बोलू, उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जाऊ' करू नका. त्याच वेळी आपल्या बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. नंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात जबाबदारी ठरवून दिलेली आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, यंत्रणेत दुसरीकडेच बिघाड झाला, तर बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काही येत नाही. पासवर्ड किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. काउंटरवर रोज बघतो, लोक लाजेने चार दिवस थांबतात आणि त्या चार दिवसांत उरलेलं पण जातं.

आणखी एक कामाची गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांच्या वेबसाइट आता 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर आल्या आहेत, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ची होती. हा शेवट बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. बँकेचं पान उघडताना तो बघायची सवय लावा.

---

तेरणाकाठ (धाराशिव)

घरातल्यांचं पण बघा. माझा ऑफिसचा ऑथेंटिकेटर (लॉगिनची खात्री करणारं अॅप) ज्या मोबाइलमध्ये, त्याच मोबाइलवर आई भजनं लावते आणि भाचा गेम खेळतो. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिकेच्या, आरटीओ चलनाच्या, पीएम किसानच्या नावाने एपीके फायली (उघडल्या की मोबाइलमध्ये अॅप बसवणाऱ्या) फिरतात. घरच्या कुणी ती टाकली तर एसएमएस वाचायची परवानगी तिच्याकडे जाते, आणि मग एसएमएसवर येणारा ओटीपी बँकेचा काय, ऑफिसचा काय, सगळंच उघडं. आमच्या गावात काही वर्षांपूर्वी 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार' असे मेसेज घरोघर आले होते. महावितरणने तेव्हा सांगितलंही की खासगी नंबरवरून आम्ही असे मेसेज पाठवत नाही. पण मेसेज आला तेव्हा वडील घाबरून फोन लावायलाच निघाले होते, लाइट इथे किती जिव्हाळ्याचा विषय आहे ते माहीतच आहे.

मी आता ऑफिससाठी साधा जुना वेगळा मोबाइल ठेवलाय. त्यात ऑथेंटिकेटर आणि ऑफिसचं चॅट, दुसरं काही नाही. तो कुणाच्या हातात देत नाही. आई आधी रुसली, मग समजावून सांगितल्यावर तिनेच भाच्याला दटावलं.

---

सेलूची_लेक

हे वेगळ्या मोबाइलचं मलाही करता येईल. बालाघाटकर दादा, त्या मुलीचं पुढे काय झालं? नोकरी राहिली का?

---

बालाघाटकर

राहिली. तिला शंका आली ती एका ग्राहक कंपनीच्या हिशेबनिसामुळे. त्या बाईंनी मेलवर विश्वास न ठेवता तिला थेट फोन लावला: "खातं खरंच बदललंय का गं?" पैसे निघालेच नव्हते. मुलीने त्याच संध्याकाळी कंपनीला सगळं खरं सांगितलं, मी फोनवर सोबत होतो. दुसऱ्या ग्राहक कंपनीलाही वेळेत कळवता आलं. कंपनीने आता बँक खातं बदलायचं असेल तर आधी फोन, असा लेखी नियम केलाय.

---

पैठण_गेट

सुरक्षा किल्लीचं विचारायचं होतं. कंपनी देत नाही, मी स्वतःची घेऊन लावली तर चालेल का? आणि हरवली तर?

---

बालाघाटकर

वैयक्तिक जीमेल वगैरेला खुशाल लावा. कंपनीच्या खात्याला लावायची सोय अॅडमिनने चालू केलेली असावी लागते, म्हणून आधी आयटीला मेल टाकून विचारा. किल्ली घ्यायची तर दोन घ्या आणि दोन्ही एकाच दिवशी नोंदवा. एक रोजच्या वापराला, दुसरी घरात कपाटात. हरवली तर दुसरीने लॉगिन करून हरवलेली खात्यातून काढून टाकायची. दोन किल्ल्यांचा खर्च जड वाटत असेल तर जीमेलला मोबाइलची पासकी लावा, ती फुकट आहे. सेटिंगमध्ये सुरक्षा विभागात सापडेल. अडलं तर इथेच लिहा, रात्री नऊनंतर मी असतो.